जमादारचा बिनकांद्याचा सुरवा

बाभुळगाव,
श्रावण शुद्ध दशमी, शके १८८५

तीर्थरूप दादांच्या पायांवर धाकट्या कौसल्येचे डोके. आपली प्रकृती कशी आहे, गुडघा अजून दुखतो काय, जंगलातले पाणी मानवले किंवा कसे, हे सविस्तर कळवावे. इकडे सासूबाई, हे आणि मी असे तिघेही आपल्या कृपेने बरे आहोत. तुरी बऱ्या आहेत, पऱ्हाटी मध्यम आहे, माझी दाढ काढली. (वडीलधाऱ्यांना पत्रात 'आपण' लिहायचे असते असे मास्तरांनी शिकवले होते, ते एक परिच्छेद पाळले. आता पुढे मला जमणार नाही. तुझ्यावर ओरडायचे आहे, आणि 'आपण' म्हणून ओरडता येत नाही.)

तुझे कार्ड मिळाले. त्यात माझी चौकशी अर्धी ओळ, सासूबाईंना नमस्कार पाव ओळ, आणि उरलेले सगळे कार्ड जमादारचे. तो खातो का, झोपतो कुठे, डावा कान खाजवतो का, पावसात भिजत तर नाही. शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेस की जमादार बरा असेल तर पोळ्याला येत नाही, रजेचे जमत नाही. तेव्हा आधी हे वाच आणि मग पुढे जा: जमादार बरा आहे. मी हे लिहीत असताना तो माझ्या पायाशी पडून मांजराकडे रागाने पाहतो आहे. हे मुद्दाम आधी लिहिले, कारण पुढची हकीकत वाचताना तुझा जीव खालीवर होणार आहे, आणि तू तिथे जंगलखात्याच्या नाक्यावर एकटा.

जमादार तुझ्यासाठी काय आहे ते मला कोणी सांगायला नको. प्रभावती वहिनी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेली आणि प्रसादाऐवजी पदरात कुत्र्याचे पिल्लू घेऊन आली, तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर तूच केली होतीस. तिने त्याला बोटाने दूध पाजले, 'जमादारसाहेब' असे भारदस्त नाव दिले, आणि तू त्याला रोज शिव्या देत देत रोज फिरायला न्यायला लागलास. मग मागच्या साली वहिनी दुखणे घेऊन आमच्याकडे आली, यवतमाळचा दवाखाना जवळ म्हणून, आणि आमच्याच माजघरातून देवाघरी गेली. तू दौऱ्यावर होतास. त्यानंतर तू ह्या घरात पाऊल टाकले नाहीस, दादा. चांद्याच्या जंगलात बदली झाली आणि तिथे बिबट्या कुत्रे उचलतो म्हणून जमादारला माझ्याकडे सोडलेस, तेही मोटर-अड्ड्यावर. घर चार पावलांवर होते. चहा गाळून ठेवला होता. पण तू दोरी माझ्या हातात दिलीस आणि परतीच्या मोटरीत बसलास. त्या दोरीच्या टोकाला वहिनीच्या हातचे उरलेसुरले होते, आणि ते तू माझ्यावर विश्वासून दिलेस, एवढेच मला पुरे होते.

पण तुझ्या त्या सूचना! मोटर सुटली तरी खिडकीतून डोके बाहेर काढून तू ओरडतच होतास. ह्याचे पोट नाजूक आहे, हाडकांच्या सुरव्यात ज्वारीच्या कण्या शिजवून दे, कांदा नको, लसूण नको, मीठ नको, तिखट नको, वरचे तेल काढून टाक, हाड ताटात जाऊ देऊ नको, कोमट करून दे. अड्ड्यावरच्या लोकांना वाटले की हे पथ्य माझेच आहे. पानठेलेवाल्याने मला हात जोडून विचारले, "बाई, डॉक्टर कोनता हाय? आमच्या बुढीले बी पोटाचंच हाय." मी सांगितले की हे कुत्र्यासाठी आहे, तर तो म्हणाला की असू द्या, आमच्या बुढीलेही चालेल.

आता तू एवढे सगळे ओरडलास, पण आमचे घर माळकऱ्यांचे आहे हे तुला त्या वेळी सुचले नाही. ह्यांच्या गळ्यात माळ, सासूबाईंच्या गळ्यात माळ, लग्नानंतर माझ्याही गळ्यात माळ. आमच्या चुलीवर अंडे उकडले तर सासूबाई चूल पाडून नवी घालतील, आणि बहुधा सूनही नवी आणतील. तिथे हाडकांचा सुरवा! मी घाबरत घाबरत विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "मुक्या जीवाले जे लागते ते लागते. पन माह्या घरात नाई." हे भजनाला निघून गेले. (घरात काही अवघड झाले की ह्यांचे भजन असते. मागे विंचू निघाला तेव्हाही होते.)

म्हणून शेजारच्या जोहराबीला गळ घातली. तुला आठवत असेल, सायकली दुरुस्त करणाऱ्या रहेमानभाईंची बायको. वहिनीच्या दुखण्यात तिनेच उशाशी बसून पाय चेपले होते. ती लगेच हो म्हणाली. हाडके रहेमानभाईंचा मटणवाला मावसभाऊ देणार, चूल तिची, डेगची तिची, कण्या माझ्या. सगळे ठरले. मग मी तुझे पथ्य सांगितले आणि तिचा चेहरा उतरला. कांदा नाही? नाही. लसूण? नाही. धने, आले, काळी मिरी? नाही, नाही, नाही. मीठ तरी? तेही नाही. ती म्हणाली, "बाई, ऐसा तो हम दुश्मन को बी नही देते." मी म्हटले, ज्याचा कुत्रा त्याची आज्ञा. तिने सुस्कारा सोडला आणि कबूल केले. कांद्याची एक फाकसुद्धा त्यात राहणार नाही, असे तिने मला वचन दिले. हे वचन तिने अक्षरश: पाळले, हे पुढे कळेलच.

पहिल्या दिवशी डेगचीचे झाकण काढले तेव्हा असा काही वास सुटला की मला आपल्या माहेरची पाटा-वरवंट्याची खोली आठवली. (हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवणार नाही.) मनात म्हटले, नुसत्या हाडकांना एवढा वास? मग वाटले, हात चांगला असला की नुसत्या पाण्यालाही चव येते. जमादारने तर ताट असे चाटले की घासायची गरज उरली नाही. आठ-पंधरा दिवस तो मजेत होता. मी तुला कार्ड टाकले की जमादार सुखात आहे, तेव्हा तो खरोखर सुखात होता. त्या कार्डात खोटे काही नव्हते.

मग तो गळायला लागला. आधी फाटकापर्यंत धावणारा, आता उठून पुन्हा बसायचा. पावसाळी हवा आहे म्हणून मी सोडून दिले. मग खेळणे थांबले. मग एक दिवस तोंड उघडून पाहिले तर हिरड्या पांढऱ्याफटक, जशा बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईच्या. आणि लघवी तांबडी. आता अशा वेळी घरच्या बाईने काय करावे? ज्याच्या अंगात शक्ती नाही त्याला शक्तीचे द्यावे. मी जोहराबीला सांगितले, सुरवा वाढव. तिने वाढवला. तो आणखी गळाला. मी म्हटले, दोन वेळा दे, आणि घट्ट कर. तिने घट्ट केला. जमादारची मान वर राहीना. आजार जसजसा वाढला तसतसा मी सुरवा वाढवत गेले, दादा, आणि सगळी आळी मला वा वा म्हणत होती की कौसल्या भावाच्या कुत्र्यासाठी किती करते.

सल्ले तर एवढे आले की सांगता सोय नाही. भजनी मंडळातल्या रुखमाबाईंनी दृष्ट काढली, मिरच्यांचा ठसका लागून जमादार इतका शिंकला की उरलेली शक्तीही त्यात गेली. कोणी म्हणाले बाभळीची साल, कोणी म्हणाले गाढविणीचे दूध. (गाढवीण मिळाली होती. तिनेच नकार दिला.) आणि मग रुखमाबाई जाता जाता बोलून गेल्या की कुत्र्याला मालकीण बोलावते आहे, ह्याला आता कोण अडवणार. त्या वाईट मनाने नाही बोलल्या. पण मी परसात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. वहिनी ह्या घरातून गेली, आता हाही ह्याच घरातून जाणार, आणि मग तू बाभुळगावच्या वाटेला आयुष्यात फिरकणार नाहीस, हे मला लख्ख दिसत होते. कुत्रे मरते म्हणून जितके वाईट वाटत होते तितकेच त्याचेही वाटत होते. लपवून काय करू?

शेवटी बाजाराच्या दिवशी जनावरांचे डॉक्टर गावात आले होते, त्यांना ह्यांनी घरी आणले. (भजनाच्या वाटेवर भेटले.) डॉक्टर तरुण, चष्मा लावणारे, बैलांची खूर-तोंडे पाहून कंटाळलेले. कुत्रा पाहिल्यावर त्यांना बरे वाटले. हिरड्या पाहिल्या, पापण्या उलटून पाहिल्या, लघवीचे विचारले आणि एकदम म्हणाले, "ह्याला कांदा-लसूण कोण देतंय?" मी तर चिडलेच. म्हटले, डॉक्टरसाहेब, ह्या घरात चातुर्मास चालू आहे, माणसांनाच कांदा-लसूण मिळत नाही, कुत्र्याला कुठून देऊ? सासूबाईंनीही माळेवर हात ठेवून सांगितले. डॉक्टर म्हणाले, मग खायला काय देता ते आणा. मी कुंपणापलीकडून डेगची मागवली. त्यांनी झाकण उचलून वास घेतला, आणि सांगायला वाईट वाटते, पण त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेले मी पाहिले. म्हणाले, "ही तर यखनी आहे, पुलावाला घालतात तो मसालेदार सुरवा. लसूण भरपूर आहे ह्यात."

जोहराबी मागोमाग आलीच होती. तिच्यावर आळ आलेला तिला कसा सहन व्हावा? पदर खोचून म्हणाली, "साब, प्याज की एक फाक निकालो, मैं अपना नाम बदल देती." पळीने ढवळून दाखवले. खरेच, एक फाक नाही, एक पाकळी नाही, स्वच्छ पाणी. डॉक्टर गोंधळले. तेव्हा आपली बाजू पक्की व्हावी म्हणून जोहराबी तरातरा घरी गेली आणि पुरावा घेऊन आली: मलमलची एक पोटली, ओली, फुगलेली. ती तिने डॉक्टरांसमोर सोडून दाखवली. आत दोन अख्खे कांदे, लसणाचा सबंध गड्डा, आले, धने, बडीशेप. "देखो साब, पूरा का पूरा वापस निकाला. गिन लो. अंदर कुछ नही छोडा." पोटली बांधायची, डेगचीत सोडायची, तासभर उकळायची आणि पिळून बाहेर काढायची, असा तिच्या माहेरचा रिवाज. तिच्या हिशेबी कांदा सुरव्यात टाकलेलाच नव्हता, नुसता आत जाऊन परत आला होता. आणि जमादार आजारी पडल्यावर तिने लसूण दुप्पट केला होता, कारण लसणाने रक्त वाढते असे तिच्या सासूने तिला सांगितले होते.

डॉक्टर ओट्यावरच बसले. मग त्यांनी शांतपणे समजावले की कांदा-लसणातला जो अंश कुत्र्याच्या रक्ताला बाधतो तो पाण्यात उतरतो, चोथा काढून टाकल्याने काही फरक पडत नाही. चहाची पत्ती गाळली म्हणून चहाचे पाणी होत नाही. माणसाला चालते, कुत्र्याच्या अंगातले रक्त त्याने फुटते, आणि आपण रोज त्याला तेच ताटभर पाजत होतो. हे ऐकल्यावर जोहराबी खाली बसली. मग डोळ्यांतून घळाघळा पाणी. "बाजी के कुत्ते को मैंने मारा," एवढेच म्हणाली. वहिनीला ती बाजी म्हणायची. मला तिच्यावर रागवायचे होते, मी तयारीही केली होती, पण तिला तसे पाहून मीच तिच्या शेजारी बसले. आणि खरे सांगते, त्या क्षणी मला तुझाच राग आला. कांदा नको म्हणून ओरडलास, कांद्याचा काढाही नको, असे ओरडायला काय झाले होते? मोटर तर अजून अड्ड्यातच होती!

डॉक्टरांनी पुढे विचारले की मीठ कोण घालते, चवीवरून मीठही दिसते. (हो, जमादारच्या ताटात उरलेल्या सुरव्यात त्यांनी बोट बुडवून चाखले. तपासणी म्हणून दोनदा.) जोहराबीने नाही म्हणून मान हलवली, मीही हलवली. आणि माजघराच्या दारात सासूबाईंच्या माळेचे मणी एकदम जोरात फिरायला लागले. सगळे तिकडे पाहायला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग? बिनमिठाचं कोनाच्या पुढं ठेवा काय? पाव्हना हाय तो आपल्या घरी." ताट ओसरीवर आले की त्या मांसाला शिवायला नको म्हणून हात उंच धरून वरून चिमूट सोडायच्या. जमादारच्या पाठीवर जे पांढरे मला कोंड्यासारखे दिसायचे, ते हेच.

डॉक्टरांनी सुई दिली, काळे औषध दिले, आणि बजावले की आता साध्या पाण्यात उकळलेला सुरवा, वरची चरबी पळीने काढलेली, कपड्याने गाळलेला, हाडाचा तुकडा नाही, मीठ नाही, आणि त्यात कण्या. एवढे पाळले तर वाचेल, रक्त परत भरेल. त्यात पुन्हा लसणाचा वास आला तर मला बोलावू नका. आणि गेले.

आता खरी अडचण पाहा, दादा. ह्या आळीत कांदा-लसूण न घालता रांधू शकेल अशी बाई एकच, आमच्या सासूबाई, आणि त्या मांसाला शिवणार नाहीत. मांस शिजवू शकेल अशी बाई एकच, जोहराबी, आणि कांदा-लसणावाचून तिचा हात चालत नाही. तिने स्वतःच सांगितले, "मेरा भरोसा मत करो. मैं नही डालूंगी बोलती, लेकिन हाथ डाल देगा." मी करते म्हटले तर माझ्या गळ्यात माळ. हे भजनाला. आणि ओसरीवर जमादार धापा टाकत पडलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई उठल्या, आंघोळ केली, तुळशीला पाणी घातले, आणि कोणाला न विचारता पाट उचलून परसात गेल्या. आमच्या आणि रहेमानभाईंच्या मधले तुराट्यांचे कुंपण आहे ना, त्याच्या अगदी कडेला पाट टाकून बसल्या आणि हाक मारली, "जोहरा, तुही चूल इकडं घे." जोहराबीने पलीकडे कुंपणालगत तीन दगडांची चूल मांडली. तिची डेगची सासूबाईंनी नापास केली, तिच्यात सात पिढ्यांचा लसूण मुरला आहे म्हणाल्या, आणि नवे मडके आणवले. मग कोर्टातल्यासारखे सुरू झाले. हात धू. मुठी उघड. पदर झटक. कमरेला काय खोचले? ते तंबाखूचे होते, तेही बाजूला ठेवायला लावले. तुराट्यांमुळे नीट दिसेना म्हणून सासूबाईंनी एक तुराटी उपसली. दुसऱ्या दिवशी आणखी चार. आता तिथे एवढे मोठे भगदाड झाले आहे की काल म्हैस त्यातून फिरून आली.

आणि जोहराबीचे हाल काय सांगू! सुरवा उकळायला लागला की तिचा हात आपोआप लसणाच्या टोपलीकडे जायचा आणि इकडून सासूबाई "विठ्ठल, विठ्ठल" अशा मोठ्याने ओरडायच्या की हात मागे. फेस काढला, तेल काढले, कपड्यातून गाळले, हाडे एकेक करून सासूबाईंना लांबून दाखवली आणि पुरली. शेवटी जे काही उतरले त्याकडे जोहराबीने पाहिलेसुद्धा नाही. रहेमानभाईंना तिने शपथ घातली आहे की माझ्या हातून असे पाणी निघाले हे कळंबला माझ्या माहेरी कळू द्यायचे नाही. तू तिकडे गेलास तर तूही बोलू नकोस.

गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. श्रावण महिना, आमच्या सासूबाई म्हणजे तुळसाबाई माळकरीण, आणि मटणाच्या चुलीपाशी रोज सकाळी बैठक. रुखमाबाई मुद्दाम चौकशीला आल्या. सासूबाईंनी मान न वळवता सांगितले, "मी खाऊन नाई राह्यली, राखण करून राह्यली. तुले बसाचं असन तं बस, नाई तं उजेड सोड." रुखमाबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग बसल्या. आता त्याही रोज येतात.

पण जमादार खाईना. इतके दिवस यखनीची चटक लागलेली, हे पांचट पाणी त्याने हुंगले आणि तोंड फिरवले. जोहराबीने सासूबाईंकडे असे पाहिले की बघा, मी सांगत नव्हते? तो दिवस गेला, दुसराही गेला. मी घास करून तोंडाशी नेला, त्याने डोळे मिटले. तेव्हा वहिनी कशी करायची ते आठवले. ताटाच्या काठावर बांगड्या वाजवून म्हणायची, "चला जमादारसाहेब, पंगत बसली." दादा, मी ते तिच्या आवाजात म्हणायचा प्रयत्न केला. माझा आवाज चिरका, तिचा गोड, तरी म्हटले, आणि बांगड्या वाजवल्या. जमादारने डोळे उघडले. माझ्याकडे नाही पाहिले. आधी दाराकडे पाहिले, बराच वेळ पाहत राहिला. मला वाटले आता हा कायमचा उपाशी राहील, मी हे काय केले. मग त्याने मान खाली घातली आणि खायला लागला. थोडेच खाल्ले, पण खाल्ले. जोहराबी रडली, मी रडले, सासूबाई म्हणाल्या धूर फार झाला.

तेव्हापासून चढता आहे. हिरड्या गुलाबी झाल्या, डॉक्टर परत येऊन पाहून गेले आणि खूश झाले. (जाताना जोहराबीला हळूच विचारत होते की ती पहिली यखनी माणसांसाठी करता का.) काल त्याने फाटकापर्यंत धावत जाऊन पोस्टमनला हाकलले, म्हणून पत्र हे स्वतः पोस्टात नेऊन टाकणार आहेत. तेव्हा तू निश्चिंत राहा. गुडघ्याला तेल लाव. पावसात खोकला सांभाळ. रजा मिळत नाही तर नाही, सरकारी कामापुढे कोणाचा इलाज चालतो, आम्ही समजू शकतो. जमादारची काळजी करू नये.

तुझी धाकटी बहीण,
कौसल्या

ता. क. सासूबाई म्हणतात, तिकडे जंगलात डिंक चांगला मिळतो, तो आणावा. मी म्हटले तो येतच नाही तर डिंक कोण आणणार. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत की मला भीती वाटते.

ता. क. दुसरा. वरचे सगळे पत्र सासूबाईंनी माझ्याकडून वाचून घेतले. (माहेरच्या वासाचे सोडून. आणि मीठ वरून सोडल्याचेही सोडून.) 'जमादार बरा आहे' हे आले तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि म्हणाल्या, "तू त्याले बरा हाय म्हून लिवतं, म्हून तो येत नाई. येवढी अक्कल नाई तुले?" मी म्हटले, मग काय खोटे लिहू? त्या म्हणाल्या, "तू नको लिवू. मी लिवतो." त्यांना लिहिता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

ता. क. तिसरा. हा मी गोठ्यात बसून, चोरून लिहिते आहे. पुढच्या बाजाराला रहेमानभाई यवतमाळला जाणार आहेत आणि तिथल्या तारघरातून सासूबाई त्यांच्या हाती तुला तार करणार आहेत: जमादार सिरीयस, ताबडतोब निघा. जोहराबी त्यांना सामील आहे. तारमास्तरला जमादार कुत्रा आहे हे सांगायचे नाही, असेही ठरले आहे. मागच्या साली तुला अशीच एक तार गेली होती, आणि तिच्यावर पत्ता ह्याच घराचा होता. तसा कागद पुन्हा तुझ्या हातात पडावा, आणि जंगलात तुझ्याजवळ कोणी नसताना तू तो फोडावास, ही कल्पना मला सहन झाली नाही. म्हणून कळवते की तार खोटी आहे. जमादारला काही झालेले नाही, मलाही नाही, कोणालाच नाही. तार आली की फाडून टाक, आणि पहिल्या मोटरीने नीघ. वहिनीची खाट मी माजघरातून काढून ओसरीवर घातली आहे, तुला आत यायचे नसेल तर येऊ नकोस, ओसरीवरच बस. फक्त मोटरीतून उतरताना चेहरा घाबरलेला असू दे. नाही तर मी गुपित आधीच फोडले हे सासूबाईंच्या ध्यानात येईल, आणि तू आलास त्याचा आनंद मला नीट करता येणार नाही.